नेवाळीची धावपट्टी: लढाई सरली, जमीन अडकली

मलंगवारा

दुसऱ्या महायुद्धात मला एक जखम झाली आहे. उजव्या गुडघ्यावर. साल १९९१.

बाबा मला स्कूटर शिकवायला नेवाळीच्या धावपट्टीवर घेऊन गेले होते. राखाडी बजाज, डाव्या मुठीत गिअर. कल्याणात ती शिकायची म्हणजे रिक्षावाल्यांच्या शिव्या खायच्या. नेवाळीला समोर लांबच लांब मोकळं, आडवी आलीच तर एखादी म्हैस. "क्लच सोड, हळू, अरे हळू" एवढं ऐकू आलं आणि मी खाली. गुडघ्यात काळी खडी घुसली. रात्री आईने ती सुईने काढली आणि वर हळद दाबली. खडी ब्रिटिशांनी टाकलेली, त्यामुळे मी ती जखम महायुद्धाच्या खात्यावर मांडतो.

गेल्या महिन्यात भाचीला मलंगगड दाखवायला निघालो होतो. नेवाळी नाक्याजवळ गाडी बाजूला घेतली. आता पूर्वीसारखं सरळ आत शिरता येत नाही. संरक्षण खात्याची जागा आहे, तशी पाटी आहे, आणि आम्हीही आगाऊपणा केला नाही. रस्त्याकडेच्या खाचरात आवणी चालू होती. सत्तरीपलीकडचे एक आजोबा डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन रोपांच्या जुड्या फेकत होते. त्यांना विचारलं, इथे विमानं उतरायची ना? मान वर न करता म्हणाले, "मना काय ठावं, मी कवरासा होतो. पन आमचे आज्याला सांगलेला, लराई सरली का जमीन परत." मग थोडं थांबून, "लराई सरली ना?"

भाची हसली. मला काही हसू आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडलं. एप्रिलमध्ये जपान्यांनी कोलंबोवर आणि आपल्या विशाखापट्टणम-काकिनाड्यावर बाँब टाकले. एकदम जाग आली. देशभर दोनशेच्या वर विमानतळ बांधायचा किंवा वाढवायचा कार्यक्रम हाती घेतला गेला. माळ, शेत, जंगल, जे सपाट दिसेल ते. मुंबई बंदरात माणसं आणि सामान उतरायचं, कल्याण जंक्शनला एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. त्यामुळे लष्कराची भली मोठी छावणी कल्याणजवळ पडली आणि तिच्या शेजारी, मलंगगडाच्या पायथ्याकडच्या गावांच्या भातशेतीत, ही धावपट्टी आली. जागा सुमारे १६०० एकर.

१९४५ला युद्ध संपलं. विमानं गेली. जागा संरक्षण खात्याकडे राहिली आणि पुढे नौदलाकडे. आजूबाजूचे लोक तिथे भात लावत राहिले, गुरं चारत राहिले, आमच्यासारखे स्कूटरवरून पडत राहिले. नवी मुंबई विमानतळाचा पर्यावरणावरून वाद चालला होता तेव्हा, २०१०च्या सुमारास, "कल्याणला पट्टी आहेच की" अशी चर्चा निघाली होती. त्या नोव्हेंबरात नवी मुंबईला परवानगी मिळाली आणि ती चर्चा मागे पडली. मग २०१७ साली नौदलाने कुंपणभिंत घालायला घेतली तेव्हा शेतकरी आणि पोलिसांत काय झालं ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलंय.

अशा जागांचे अवशेष म्हटलं की लोक हँगर आणि बंकर शोधतात. इथे तसलं फारसं नाही. मला तर वाटतं, इथला सगळ्यात धडधाकट अवशेष म्हणजे त्या आजोबांचा प्रश्न. बाकी खडीच.

तुमच्या आसपास अशी जुनी धावपट्टी आहे का? तिचं पुढे काय झालं?

खडीसाखर

काय सुरेख सुरुवात! आमचंही कार शिक्षण तिथेच. ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणायचे, "इथे विमान वळायचं, तुमची मारुती का नाही वळणार?"

पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बॅरेक_नंबर_अमुक

नेवाळीची गोष्ट आमच्याशिवाय पुरी होत नाही, म्हणून लिहितो. मी उल्हासनगरचा सिंधी. मराठी शाळेत शिकलो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मलंगवारा यांनी ज्या छावणीचा उल्लेख केलाय ती म्हणजे आमचं गाव. कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. ६००० सैनिक आणि इतर ३०००० माणसं राहतील अशी सोय होती. बराकी २१२६. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं याच बराकींत भरली गेली. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं. पण आजही कुणी "उल्हासनगरला राहतो" असं नुसतं म्हणत नाही. कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच असंच म्हणतो. पत्त्यात बॅरेक नंबर, मग खोली नंबर, मग सेक्शन. आमच्या बराकीच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. तिच्या विजेच्या बिलावर अजून बॅरेक नंबर येतो.

आजी सांगायची की बराक एकच लांबलचक होती, मध्ये भिंतीच नव्हत्या. चार घरं दोरीला चादरी आणि गोणपाटं लावून वेगळी केलेली. पलीकडच्या घरात भांडण लागलं की आमच्याकडे जेवणं थांबायची, ऐकायला. दुपारी पुरुष पापड-बिस्किटं घेऊन लोकलमध्ये विकायला जायचे. आजीचं एक वाक्य आमच्या घरात म्हण झालंय: "गोऱ्याने सोल्जरसाठी बांधलं, त्यात लग्नं लागली."

सैनिकांचा तात्पुरता मुक्काम, त्याचं पंचाहत्तर वर्षांचं शहर झालं. धावपट्टीचं काहीच झालं नाही. दोन्ही एकाच लष्कराने एकाच कामासाठी केलेलं, मध्ये जेमतेम कॅम्प पाच एवढं अंतर.

मलंगवारा

@बॅरेक_नंबर_अमुक, विजेचं बिल! माझ्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. धन्यवाद.

सातबारा_दाखवा

आजोबांच्या "लराई सरली ना?" यामागे कायद्याचा एक बारकावा आहे. मी महसुली दावे चालवतो. नेवाळीचा दावा माझ्याकडे नाही, म्हणून सर्वसाधारण बोलतो.

सरकार जमीन दोन तऱ्हांनी घेतं. एक म्हणजे संपादन: मालकी कायमची जाते, मोबदला मिळतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. दुसरी म्हणजे नुसता ताबा, जुन्या लोकांच्या तोंडी "रिक्विझिशन": मालकी तुमची, वापर सरकारचा, गरज संपली की परत. युद्धकाळात भारत संरक्षण कायदा १९३९ आणि त्याखालचा नियम ७५-अ यांच्या जोरावर देशभर दुसऱ्या प्रकाराने भराभर जागा घेतल्या गेल्या. नोटीस आली की पीक उभं असो नाहीतर आडवं, जागा खाली करायची.

गंमत अशी की त्याच नियमात आणखी एक पोटनियम होता. ताब्यात घेतलेली जागा सरकार नुसती नोटीस काढून कायमची संपादितही करू शकत होतं. म्हणजे एका कागदाने भाडेकरू आणि दुसऱ्या कागदाने मालक. शेतकऱ्याला पहिला कागद आठवतो, सरकारी दप्तर दुसरा दाखवतं. दोघंही खरं बोलत असू शकतात.

युद्ध संपल्यावर हे अधिकार आपोआप संपायला हवे होते. पण आधी वटहुकूम आला, मग १९४७चा अधिकार चालू ठेवण्याचा कायदा, मग १९५२चा स्थावर मालमत्ता ताब्यात घेणे व संपादन करणे कायदा. जुने ताबे सोडायची मुदत १९७०च्या दुरुस्तीने घातली गेली आणि ती वाढत वाढत १९८७पर्यंत गेली. विचार करा, युद्ध सहा वर्षांचं, आणि युद्धासाठी घेतलेल्या ताब्यांची मुदतवाढ चाळीस वर्षांची.

आता पीकपाहणी. मालक म्हणून सरकारचं नाव, पण शेतात दर वर्षी भात. तलाठ्याने पीकपाहणीत काय लिहायचं? "पड" लिहिलं तर खोटं. "भात" लिहिलं तर पुढचा प्रश्न, कोणाचा? अशा जागांचे जुने उतारे वाचायला घ्या, कादंबरी मागे पडेल.

देशप्रथम_७१

सगळं ठीक आहे, पण धाग्याचा सूर एकतर्फी वाटतोय. संरक्षणासाठी जागा लागतेच. मुंबईच्या इतक्या जवळ १६०० एकर सलग जागा आज घ्यायची म्हटली तर मिळेल का? आणि परत दिली असती तर आज तिथे भात असतं की टॉवर? छातीवर हात ठेवून सांगा.

भातखाचर

@देशप्रथम_७१, मी त्या गावांपैकीच एका गावचा. छातीवर हात ठेवून सांगतो: काही जणांनी विकली असती. म्हणून काय? ज्याची त्याने विकायची की न विकायची. आमच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे आहेत, त्या जमिनी कोणी लष्करासाठी राखल्या होत्या?

२०१७बद्दल थोडंच लिहितो. त्या दिवशी, २२ जूनला, रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छऱ्यांच्या बंदुका चालल्या. जखमी दोन्हीकडचे झाले. गाड्या जाळल्या ते चूक होतं. माझ्या चुलत्याच्या पाठीत छरे आहेत, ते जाळणाऱ्यांत नव्हते, म्हशी सोडवायला गेले होते. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पणजोबांच्या वेळचा एक इंग्रजी कागद आहे, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. लहानपणी शाळेत पहिला नंबर आला की आजोबा तो कागद माझ्याकडून वाचून घ्यायचे. मला तेव्हा कळायचं नाही त्यातलं, नुसतं मोठ्याने वाचायचो. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. तरी एखादी ओळ सुटली की म्हणायचे, "मदला सोरलास." सारखं ऐकून पाठ झालेलं.

एका कचेरीत तो दाखवला तर पलीकडचा माणूस म्हणाला, झेरॉक्स आणा. झेरॉक्स नेली तर म्हणाला, मूळ कुठाय? असो.

आणि हो, पट्टीचा उपयोग सांगायचा तर सुगीत भात आणि पेंढा वाळवायला तिच्यासारखी जागा नाही. चिखल नाही, खडखडीत. मातीच्या खळ्याला शेणाने सारवावं लागतं, हिला नाही.

सातबारा_दाखवा

@भातखाचर, त्या कागदाला आता हात लावू नका आणि नवी चिकटपट्टीही लावू नका. चांगल्या प्रकाशात दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. त्यावर नियमाचा किंवा कलमाचा आकडा असेल तोच महत्त्वाचा. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

खरगपूरचा_पाहुणा

आयुष्याची पाच वर्षं खरगपूरला काढल्यामुळे मला इथे बोलायचा हक्क आहे. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

मुंबई-हावडा गाडीने गेलात तर टाटानगर सोडल्यावर घाटशिला, मग चाकुलिया, झाडग्राम, कलाईकुंडा आणि खरगपूर. या पट्ट्यात १९४४मध्ये अमेरिकेचे बी-२९ बाँबर होते. हिरोशिमावर ज्या जातीचं विमान गेलं तेच. चाकुलिया, दुधकुंडी, पियारडोबा आणि खरगपूर, असे चार मुख्य तळ. रुळांवरून त्यातलं काही दिसत नाही, नुसती सालाची झाडं आणि लाल माती.

हे विमान पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ४३ मीटर. भरलं की साठ टनांच्या आसपास. आधीच्या पट्ट्या त्याला पुरेनात, म्हणून त्या ७५०० फुटांपर्यंत लांबवल्या. पहिलं विमान २ एप्रिल १९४४ला चाकुलियाला उतरलं, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याची इंजिनं आधीच तापट स्वभावाची, त्यात हा उन्हाळा. इंजिनाच्या काही भागांत मॅग्नेशियम, एकदा पेटलं की विझवणं मुश्किल. उन्हात उभ्या विमानाच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. ५ जूनला पहिली मोहीम निघाली, ९८ विमानं, बँकॉकच्या रेल्वे कारखान्यावर. दहा दिवसांनी चीनमधल्या तळांवरून जपानच्या यावाता इथल्या पोलाद कारखान्यावर. चीनमध्ये लागणारं पेट्रोल आणि बाँबही इथूनच हिमालयावरून न्यायचे. म्हणजे मोहीम एक आणि तिच्या तयारीसाठी खेपा कितीतरी. हा उद्योग परवडणारा नव्हता. प्रशांत महासागरातली मारियाना बेटं हातात आल्यावर १९४५च्या सुरुवातीला सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. वर्षभराचा मुक्काम.

आता माझ्या आवडीचा भाग. या बाँबर कमांडचं मुख्यालय कुठे होतं? हिजलीच्या बंदी शिबिरात. तेच हिजली, जिथे १६ सप्टेंबर १९३१ला पहारेकऱ्यांनी नि:शस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त मारले गेले. रवींद्रनाथांनी आणि सुभाषबाबूंनी त्याचा जाहीर निषेध केला होता. १९४२ला ते शिबिर बंद झालं आणि मग अमेरिकन आले. १९५१मध्ये त्याच इमारतीत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. तुरुंग, मग बाँबफेकीचं मुख्यालय, मग वर्गखोल्या. भिंती त्याच. आज तिथे संग्रहालय आहे. आम्ही पहिल्या वर्षी त्या आवारात मनोऱ्याखाली बसून यांत्रिकी पाठ करायचो आणि यातलं आम्हाला काडीचं ठाऊक नव्हतं. एका सरांनी सांगितलं तेव्हा आम्ही म्हणालो, परीक्षेला आहे का?

पट्ट्यांचं पुढे काय झालं? कलाईकुंडा वायुदलाचा मोठा तळ आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये संयुक्त सरावासाठी तिथे अमेरिकेचं बी-१ आलं होतं, पाऊण शतकानंतर पुन्हा अमेरिकन बाँबर. दुधकुंडीला वायुदलाचा बाँबफेकीच्या सरावाचा पट्टा आहे, म्हणजे जिथून बाँब निघायचे तिथे आता पडतात. पियारडोबा मात्र नुसतं पडलंय. आम्ही तिघे मित्र एकदा पॅसेंजरने तिथल्या स्टेशनवर उतरून चालत गेलो. सालाच्या जंगलातून चालता चालता झाडं एकदम संपतात आणि समोर आभाळच आभाळ. पाय जरा वेगळे वाजायला लागतात, तेव्हा कळतं की आपण पट्टीवर आहोत. मध्यावर एक बाई मोहाची फुलं वाळत घालत होती.

भातखाचर

तिकडे मोह, इकडे भात. चला, आम्ही एकटे नाही.

इलिशमासा

कोलकात्यातून एक छोटी भर. इथल्या मैदानातला रेड रोड युद्धात चक्क धावपट्टी म्हणून वापरला होता, लढाऊ विमानं रस्त्यावर उतरायची. आज तिथेच २६ जानेवारीचं संचलन होतं आणि ईदची मोठी नमाजही. एरवी टॅक्सीवाले त्याला अजून धावपट्टीच समजतात.

नॉरिचची_सून

लग्नानंतर नॉर्फकला आले तेव्हा नवऱ्याने "चल, तुला विमानतळ दाखवतो" म्हणून नेलं आणि दाखवल्या टर्की कोंबड्या. विनोद नाही. इथे पूर्व इंग्लंडमध्ये दर काही मैलांवर युद्धकाळातला विमानतळ आहे. बर्नार्ड मॅथ्यूज या टर्कीवाल्या उद्योजकाने असे पडीक विमानतळ घेतले आणि काँक्रीटच्या पट्ट्यांवर रांगेत लांब लांब शेड उभारल्या. आयता पाया, पाण्याचा निचरा होतो, ट्रक थेट दारात. ॲटलब्रिजचा तळ उपग्रहाच्या नकाशावर पाहा. धावपट्ट्यांचा आकार जसाच्या तसा, फक्त कोंबड्यांच्या खुराड्यांनी काढलेला.

इथल्या तळांचा साचा ठरलेला असायचा. तीन पट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, इंग्रजी ए अक्षरासारख्या. मुख्य २००० यार्डांची, बाकी दोन १४०० यार्डांच्या, रुंदी ५० यार्ड. तीन अशासाठी की वारा कुठूनही आला तरी एखादी पट्टी त्याच्या तोंडाशी असावी. भोवताली गोल रस्ता आणि त्याला फुटलेले तव्यासारखे गोल ओटे, विमानं विखरून उभी करायला. म्हणजे एक बाँब पडला तर सगळी जाऊ नयेत.

मोटार शर्यतींचं प्रसिद्ध सिल्व्हरस्टोन तसंच. १९४३चा वेलिंग्टन बाँबरांचा प्रशिक्षण तळ. ऑक्टोबर १९४८मध्ये पहिली मोठी शर्यत झाली तेव्हा पट्ट्यांवरूनच मार्ग आखला होता. दोन बाजूंनी गाड्या भरधाव एकमेकींच्या समोर यायच्या आणि मध्यावर वळायच्या. चालकांना समोरची गाडी दिसून धडकी भरू नये म्हणून मध्ये पडदे उभारले होते! १३ मे १९५०ला जागतिक अजिंक्यपद मालिकेतली पहिली शर्यत तिथेच झाली. आजही मार्गातल्या एका सरळ भागाला हँगर स्ट्रेट म्हणतात आणि दुसऱ्याला वेलिंग्टन स्ट्रेट.

आणि @बॅरेक_नंबर_अमुक, तुमच्या आजीच्या गोष्टीची जुळी बहीण इथे आहे. १९४६मध्ये बाँबहल्ल्यांत घरं गेलेल्या हजारो कुटुंबांनी रिकाम्या तळांवरच्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत बेधडक घुसून संसार मांडले. माझ्या आजेसासूबाई त्यातल्या एकीत चार वर्षं राहिल्या. पत्र्याला हिवाळ्यात आतून दव सुटायचं आणि टपटप ताटात पडायचं, हे त्या अजून सांगतात.

बॅरेक_नंबर_अमुक

@नॉरिचची_सून, आमच्याकडे दव नाही, ढेकूण. बाकी सेम.

संत्रानगरी

नागपूरकर असून गप्प बसणं शक्य नाही. आमचं सोनेगाव, म्हणजे नागपूरचा विमानतळ, युद्धात रॉयल एअर फोर्सच्या विमानांचा टप्पा होतं, इंधन घ्यायचं आणि पुढे. पण खरी मजा नंतरची. जानेवारी १९४९पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं आणि चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला भेटायची. टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करून पहाटेच्या आत आपापल्या गावी परत. आज टाकलेलं पत्र उद्या सकाळी. विमानं कोणती? डाकोटा, म्हणजे युद्धातली उरलेली मालवाहू विमानंच. युद्धाची पट्टी, युद्धाची विमानं, आणि काम काय तर लोकांची पत्रं.

माझे आजोबा टपाल खात्यात होते. त्या रात्रपाळीला ते "वरात" म्हणायचे. चार वराती एकाच मांडवात.

आरामकुर्सी

अवांतर: चेन्नईजवळ शोलावरमलाही युद्धातली पट्टी होती, टी अक्षराच्या आकाराची. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९५३नंतर तिथे वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. म्हणजे आपलंच सिल्व्हरस्टोन. १९९०मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा स्वतंत्र ट्रॅक झाला आणि शर्यती तिकडे गेल्या.

 

देशप्रथम_७१

माझा आधीचा प्रतिसाद जरा तिखट होता. भातखाचर यांचं वाचून गप्प बसलो होतो. जागा लागते हे मत कायम आहे. पण "परत देऊ" म्हणून घेतली असेल तर तो हिशेब वेगळा, हेही मान्य. वडील फौजेत होते. उसन्या आणलेल्या वस्तूंची ते वहीत नोंद ठेवायचे, पाना-पक्कडसुद्धा.

टिटवी

कुणीच पक्ष्यांबद्दल बोललं नाही म्हणून. डोंबिवली ते अंबरनाथ उपग्रहाच्या नकाशावर बघत जा, सगळं करडं. मध्येच एक हिरवा ठिपका, तो हाच. बाहेरच्या रस्त्यावरून दुर्बिणीने बघितलं तरी टिटव्या आणि चंडोल दिसतात. टिटवी अंडी उघड्यावर, खड्यांत घालते. त्या खडीत तिची अंडी डोळ्यासमोर असून दिसत नाहीत. ब्रिटिशांनी टिटवीसाठी केलं असतं तर याहून चांगलं जमलं नसतं.

मलंगवारा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. नागपूरच्या वरातीवर आणि पियारडोबावर वेगळे धागे यायलाच हवेत, संबंधितांनी मनावर घ्या. @भातखाचर, तुमच्या पेटीतल्या कागदाबद्दल वाचल्यावर मी सुरुवातीला केलेला खडीचा विनोद जरा हलका वाटायला लागला. पण राहू देतो, संपादन करत नाही.

काल हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. त्यांचं वय ८१, कान मंद, स्मरण तीक्ष्ण. त्यांनी तीन दुरुस्त्या सांगितल्या आहेत. एक, साल १९९१ नव्हे, ९२. दोन, स्कूटर राखाडी नव्हती, आकाशी होती, राखाडी ती नंतर झाली. तीन, मी खडीमुळे पडलोच नाही. नोव्हेंबर होता, पट्टीवर कोणीतरी पेंढा वाळत घातला होता, त्यावरून चाक घसरलं. बाबा म्हणाले, "तू त्या माणसाचा पेंढा चारी बाजूंना उधळलास. मी तासभर गोळा करून दिला. जमीन तुमचीच का, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, पेंढा माझा आहे."

सातबारा_दाखवा

पीकपाहणीत हेच लिहायला हवं होतं.